आप्पांच्या फोनवरचं हैदराबाद

मंद्रूप सोडलं त्या दिवशी जीप दारात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, आणि शेजारची सून नेमकी तेव्हाच झाडू घेऊन आमच्या अंगणात आली. आव्वाला, म्हणजे माझ्या आईला, हातभार लावावा एवढाच तिचा हेतू. आव्वा तिच्या अंगावर धावूनच गेली. "आगं ए, लेकरू वाटंला लागायलंय आन् तू केर काढायलीस?" ती बिचारी झाडू तिथंच टाकून पळाली. मी जीपमध्ये बसून हसत होते. जर्मनीतल्या नोकरीचं पत्र पर्समध्ये होतं, आणि आईचं हे असलं काही आता रोज ऐकावं लागणार नाही याचा मला थोडा आनंदच झाला होता. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

माणूस गावाला निघालं की लगेच घर झाडायचं नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. बाकीच्या घरांत माणूस वेशीबाहेर गेलं की झाडू हातात घेतात. आव्वाचा कायदा त्याहून कडक. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत घरातला केर हलवायचा नाही. मी सोलापूरला कॉलेजला जायची तेव्हा हे तासाभरात आटपायचं. जर्मनीच्या वेळी घर दोन दिवस तसंच राहिलं होतं, असं नंतर कळलं.

आप्पा सोलापूर स्टेशनापर्यंत आले होते. मुंबईची गाडी सुटायला वेळ होता आणि आम्हा दोघांनाही काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आप्पा दोन एकरांत वांगी आणि मिरच्या पिकवतात आणि सोलापूरच्या मंडईत नेऊन घालतात. त्यांचं बोलणं एरवीही मोजकंच. गाडी हलताना खिडकीला हात लावून म्हणाले, "पोचलीस की कळव. बाकी काय बोलली न्हाईस तरी चालंल."

सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली गोष्ट ही एवढी एकच. आणि ती मी कशी पुरवली, ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे. माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं गेली त्यांच्यासाठीही.

तिकीट काढताना विमान कंपनीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला होता. माझं इथलं सिम बंद होणार होतं, तिथलं अजून मिळायचं होतं, म्हणून मी आप्पांचा नंबर टाकला. विमान सुटलं, विमानाला उशीर झाला, विमान उतरलं, असे मेसेज त्या नंबरवर जातील असं तिथं लिहिलं होतं. मी खूण केली आणि पुढे गेले.

ही सोय मला फारच आवडली. फ्रँकफुर्टला उतरले तर घरी आधीच कळलेलं असायचं. इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून फोन लावायला नको, आव्वाचे वीस प्रश्न नकोत. आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते फोन घेऊन काशिनाथकाकांच्या खताच्या दुकानात जायचे. काका चष्मा लावून वाचून दाखवायचे, बियाणं घ्यायला आलेली चार माणसंही ऐकायची, आणि आप्पा घरी येऊन आव्वाला सांगायचे, उतरली म्हणून. मग आमचं घर झाडलं जायचं. विमान कंपनीचा कुठलातरी संगणक माझ्या वतीने "पोचले" म्हणत होता, आणि मी टॅक्सीत बसून झोपत होते.

त्या मेसेजांचा घोळही व्हायचा. एकदा सुट्टीहून परत जाताना माझं विमान दोन तास उशिरा सुटलं. उशिराचा मेसेज कुठंतरी अडकला आणि विमान उतरल्याच्या मेसेजनंतर अर्ध्या तासाने आला. आव्वाने तोवर निम्मं घर झाडलं होतं. काशिनाथकाकांनी नवा मेसेज वाचला आणि आव्वाने झाडू खाली ठेवला. "उतरल्यालं इमान परत कसं काय वर ग्येलं?" हा तिचा प्रश्न मला रविवारच्या फोनवर ऐकायला मिळाला. मी ती गोष्ट ऑफिसात जर्मनांना सांगितली. सगळे खूप हसले, मी पण.

जर्मनीत घर बदललं की चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन नवा पत्ता नोंदवावा लागतो. मी चार घरं बदलली आणि चारही वेळा वेळेत नोंदवली. सरकारला माझा ठावठिकाणा पक्का माहीत असतो. घरी मात्र मी दर रविवारी वीस मिनिटं बोलायचे, त्यातली दहा हवामानावर. आव्वा विचारायची, थंडी हाय का. मी म्हणायचे, आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने हैदराबादेत ऑफिस उघडलं आणि मला पाच दिवसांच्या वर्कशॉपसाठी पाठवलं. हैदराबाद म्हणजे सोलापूरहून सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या चहाला पोचावं एवढंच अंतर. मी घरी कळवलं नाही. पाच दिवस कामाचे आहेत, जायला जमणार नाही, मग उगाच सांगून त्यांच्या जिवाला हुरहूर कशाला, असं मी स्वतःला पटवलं. ते थोडंफार खरंही होतं.

दुसऱ्या खेपेला ते खरं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या त्या वर्कशॉपनंतर शनिवार-रविवार मोकळे होते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी धरली असती तर दोन दिवस घरी राहून परत येता आलं असतं. मी ते दोन दिवस ऑफिसातल्या लोकांबरोबर किल्ला बघण्यात, बिर्याणी खाण्यात आणि मोत्यांची कानातली घेण्यात घालवले. घरी गेल्यावर परत निघताना जीव तुटतो, म्हणून जात नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. त्यांचे डोळे भरून यायचे. कारण ते नव्हतंच. मला कंटाळा आला होता. बघायला येणाऱ्या बायांचा, लग्नाच्या प्रश्नाचा, घामाचा, आणि आप्पा माझ्याकडे बघत नुसते बसून राहतात त्याचा. मला दोन दिवस कुणाची मुलगी व्हायचं नव्हतं.

तिकिटं ऑफिसने काढली होती, त्यामुळे मेसेज घरी जायचा प्रश्नच नाही, असं मी धरून चालले होते. एक गोष्ट विसरले. विमान कंपनीचे पॉइंट मिळावेत म्हणून ऑफिसातल्या बाईंच्या मागे लागून मीच माझा मेंबरशिप नंबर तिकिटावर घालून घेतला होता. त्या मेंबरशिपच्या खात्यात मोबाइल नंबर आप्पांचा होता.

त्या रविवारी परतीचं विमान आधी लांबलं आणि मग रद्द झालं. विमानतळावर कंपनीच्या काउंटरपुढे ही रांग. तेवढ्यात आप्पांचा व्हॉट्सअॅपवर फोन. आप्पा आपण होऊन कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून घेतला.

"काय न्हाय गं. मोबाइलवर सातबारा कसा काढायचा त्ये इचारायचं व्हतं."

मी भराभर सांगितलं आणि ठेवला. दीड तासाने पुन्हा फोन. मावशीचा नंबर पाहिजे होता. मावशीचं घर आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे. मग तिसरा, "तितं किती वाजल्यात आता?" माझ्यामागे एक बाप्या काउंटरवरच्या पोराशी तेलुगूत तावातावाने भांडत होता. मी फोनला हाताचा आडोसा केला आणि वैतागून म्हणाले, "आप्पा, मी मीटिंगमध्ये आहे. सारखं सारखं काय?"

"बरं, बरं," आप्पा म्हणाले. "जेवलीस न्हवं?"

मी हो म्हणाले आणि फोन सायलेंटवर टाकला. संध्याकाळी मला दुसऱ्याच कंपनीच्या विमानात जागा मिळाली, दोहामार्गे. त्या कंपनीकडे आप्पांचा नंबर नव्हता. मी स्टुटगार्टच्या माझ्या घरी पोचले, झोपले, उठून भात टाकला, तेव्हा चौथा फोन आला. काय सैपाक केलास, एवढंच विचारलं. भात, म्हणाले. "बरं," म्हणून त्यांनी ठेवूनही दिला. माझ्या मनात आलं, आप्पा म्हातारे व्हायला लागले, काहीतरी विसरल्यासारखं करतात. पुढच्या रविवारी मी आव्वाला सांगितलं की आठवडाभर इकडे कडाक्याची थंडी होती. आप्पांनी फोन घेतला आणि म्हणाले, "अंगावर काय तरी घेत जा."

मी मंद्रूपला गेले ती पुढच्या मे महिन्यात, चुलतभावाच्या लग्नाला. दुसऱ्या दिवशी बाजारचा दिवस होता. आप्पा वांग्यांच्या पाट्या घेऊन बाजारात बसले होते. मी काशिनाथकाकांच्या दुकानात डोकावले.

"कवा आलीस सविता?" काकांनी स्टूल पुढे केलं. "तुझे आप्पा आता मेसेज वाचून घ्याला येत न्हाईत बघ. माज्यावर रुसल्यात."

मी हसत विचारलं, का हो?

"आगं, दोन वर्सं झाली आसतील. मेसेज वाचला, तर तू हैदराबादला उतरल्याली. मी म्हनलो, आप्पा, लेक आली की, पेढे काढा. दुकानात धा माणसं. आप्पा म्हनले, जुना मेसेज हाय त्यो. जुना कसा आसंल? तारीख व्हती की त्येच्यावर. तवापास्नं येत न्हाईत."

काका पुढेही काही बोलत होते. मला ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मी उठले आणि घरी आले.

आव्वा ज्वारी निवडत बसली होती. आप्पांचा फोन कुठाय, विचारलं. फळीवर चार्जिंगला होता. "बरं झालं, बघ जरा त्येला, सारखा बंद पडायलाय," आव्वा म्हणाली. त्यात सात वर्षांचे मेसेज होते. रिचार्जच्या जाहिराती, बँकेचे मेसेज, सगळं खाली सरकलेलं, आणि विमानाचे मेसेज एकही न पुसता ठेवलेले. पहिल्या खेपेचं फ्रँकफुर्ट ते हैदराबाद. हैदराबाद ते फ्रँकफुर्ट. दुसऱ्या खेपेचं हैदराबाद. उशीर. आणखी उशीर. रद्द. त्याच्यापुढे काहीच नाही.

फोनच्या शेजारी बियाण्यांच्या कंपनीने फुकट वाटलेली छोटी डायरी होती. उघडली तर आप्पांचं अक्षर. इंग्रजी अक्षरं चित्रासारखी बघून बघून उतरवलेली, काही उलटी, आणि प्रत्येकापुढे मराठी. डिलेडपुढे उशीर. कॅन्सल्डपुढे रद्द. लँडेडपुढे उतरलं, आणि त्याला खाली दोन रेघा. विमानतळांची तीन-तीन अक्षरांची नावं असतात, त्यातलं हैदराबादचं नाव एका पानावर एकटंच होतं, पाच-सहा वेळा गिरवलेलं.

"ह्या वयात विंग्रजी शिकायल्यात," आव्वा माझ्या हातातल्या डायरीकडे बघून म्हणाली. "शाळंतल्या बाईकडं बसत्यात जाऊन. मी म्हनलं, आता काय सायेब व्हायचंय का? मनाचं करत्यात."

मग तिला आणखी काही आठवलं. "मागल्या साली तू तिकडंच कुटं हापिसच्या कामाला ग्येलतीस बघ. ह्ये म्हनले, लेक इमानात हाय, मेसेज आला न्हाय आजून. दीड दिस केर काढला न्हाय मी. नेमके पावणे आलते, तरी न्हाय काढला. ह्ये तर जेवलेबी न्हाईत धड. नुसतं फोन हातात धरून बसलेले."

मी डायरी जागेवर ठेवली. आव्वाला काहीच माहीत नव्हतं. माझं खोटं झाकायला आप्पांनी तिला दुसरं खोटं सांगितलं होतं. चार माणसांत माझं हसं होऊ नये म्हणून बासष्टाव्या वर्षी ते शाळेच्या बाकावर जाऊन बसले होते. विमान रद्द झालं हे त्यांनी स्वतः वाचलं. मुलगी आठ तासांच्या अंतरावर अडकून पडलीय हे त्यांना ठाऊक होतं. सरळ विचारलं असतं तर मी उघडी पडले असते, म्हणून त्यांनी सातबारा विचारला, मावशीचा नंबर विचारला, तिथे किती वाजले ते विचारलं, आणि शेवटी सैपाकाचं विचारून मी पोचले ते जाणून घेतलं. आयुष्यभर सोलापूरच्या मंडईत तेलुगू बोलणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये भाजी घातलेल्या माणसाला मागे चाललेलं तेलुगू भांडण कळलं नसेल, असं होऊच शकत नाही. आणि मी त्यांना सारखं सारखं काय म्हणाले. मला त्या वेळी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दिवस कलता आप्पा बाजारातून आले. पाट्या उतरवल्या, हातपाय धुतले आणि अंगणातल्या बाजेवर बसले. आव्वा आत भाकरी थापत होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि एकदाचं बोलून टाकलं.

"आप्पा, मी हैदराबादला आले होते. दोनदा."

"ठावं हाय."

"मग काही बोलला का नाहीत?"

ते टॉवेलने बोटं पुसत राहिले. "काय बोलायचं? सांगण्यासारखं आसतं तर तूच सांगितली आसतीस की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते. रागावले असते तर मला रडता आलं असतं, माफी मागता आली असती, आणि मग आमचं सगळं सुरळीत झालं असतं. त्यातलं काहीच झालं नाही. मी म्हणाले, आव्वालाही सांगते आता. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तिला नगं सांगूस. तिला वाटतंय तू लांब हाईस म्हनून येत न्हाईस. तसंच वाटू दे."

आतून भाकरीचा आवाज येत होता. मला काय करावं कळेना, म्हणून मी खिशातून माझा फोन काढला आणि विमान कंपनीचं खातं उघडलं. म्हणाले, "निदान तुमचा नंबर तरी काढून टाकते यातनं. उगाच तुमच्या जिवाला घोर नको."

आप्पांनी माझ्या फोनवर हात ठेवला. हात अजून ओलसर होता आणि त्याला मिरच्यांचा वास होता.

"त्यो काढू नगंस," ते म्हणाले. "तू ये, न्हाय तर नगं यिऊ. पर जवळ आलीस की कळतंय मला. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

मी नंबर काढला नाही. जेवताना आव्वाने विचारलं, दोघं काय बोलत होता एवढं. आप्पा म्हणाले, वांग्याच्या दराचं.

जे माझ्यासारखे गेले, त्यांना घर म्हणजे काय हे विचारलं तर ते पुरणपोळीचं नाव काढतात, अंगणाचं नाव काढतात. मीही काढायचे. ते सगळं आहेच, आणि त्यातलं बरंचसं आता स्टुटगार्टच्या भारतीय दुकानात मिळतं. पण आपण किती हलके निघालो हे जिथे माहीत असतं आणि तरी ते कुणाला कळू दिलं जात नाही, अशी जागा मला तरी दुसरी मिळालेली नाही. तिथे जायला त्यामुळेच पाय उचलत नाहीत. पूर्वी कंटाळ्याने उचलत नव्हते, आता लाजेने. आव्वाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीत काही फरक नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसने हैदराबादचं तिकीट पुन्हा काढलं. या खेपेला वर्कशॉपनंतर मी तीन दिवसांची रजा मागून घेतली आहे आणि सोलापूरच्या गाडीची वेळही बघून ठेवली आहे. जाणार आहे. पण मागच्या खेपेला किल्ल्यावर चढतानाही पुढच्या खेपेला नक्की जायचं असं मी ठरवलं होतं, तेव्हा माझ्या ठरवण्यावर मी फार भिस्त ठेवत नाही.

तिकिटाचा मेसेज आप्पांना त्याच मिनिटाला पोचला असणार. रविवारी फोन केला. त्यांनी मिरचीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, हैदराबादचं नावही काढलं नाही. मग आव्वाने फोन घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, थंडी हाय का. तिला अजून काहीच ठाऊक नाही. मी आले नाही, तर ते एकाच माणसाला कळेल, अशी व्यवस्था आप्पांनी करून ठेवली आहे.